शिपायाचा आंगठा

इंग्रजाच्या राज्यात वेदगंगेच्या काठाला एक शिपाई यायचा. माशाची पिलं वाचावीत म्हणून सरकारनं बारीक भोकाची जाळी बंद केलती, ते बघायला. त्याचं माप म्हंजे आंगठा. भोकातनं गेला तर जाळं सोडायचा, अडकला तर जप्त. बोलणं मातर लई गोड. "माझा राग न्हाय गं आक्का, कायदा हाय," म्हणायचा अन् जाता जाता बुट्टीतला मोठा मासा उचलायचा. आमचं मासं खाऊन आंगठा दरसाल जाड व्हत गेला. मालक वारल्यावर माझ्या पोरांचं पोट एका जाळ्यावर चालायचं. एक दिस आंगठा त्यातबी अडकला.

माझं जाळं काखेत मारून तो डोहाच्या मक्तेदाराकडं वळला. त्याच्या जाळ्याची भोकं माझ्या जाळ्याहून बारीक. शिपायानं करंगळी घातली अन् ठीक हाय म्हणून मान डोलावली.

"अण्णा, आंगठा कुठं गेला?" मी इचारलं.

"दुखतोय गं आज."

मग मी नवं जाळं विणलं, चांगलं मोठ्या भोकाचं. शिपायानं आंगठा घालून गरागरा फिरवला. "शाबास आक्का! आता बसलं कायद्यात."

मी ते नदीत टाकलं. आंगठा गेलता त्याच वाटेनं मासंबी गेलं. पोरं उपाशी निजली, पर गुन्हा काय झाला न्हाय.