पूजेतून उचललेला पाना

अंबुबाईला गोड बोलता येत नाही. येत असतं तरी ती बोलली नसती. गिऱ्हाईक आलं की ती आधी बॉनेट उघडायला लावते, बॅटरीकडं बघते आणि म्हणते, "ही हेडलाइटला पुरत नाही, तुला अँप्लिफायर कशाला पाहिजे?" निम्मे लोक तिथंच चिडून जातात. उरलेले परत येतात, कारण तिनं ओढलेली वायर कधी जळत नाही.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात गाड्यांत साउंड बसवणारी दुकानं बरीच, बाई ही एकच. सरगूरहून लग्न करून आली तेव्हा स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा तेसुद्धा तिला माहीत नव्हतं. पुढं नवऱ्याची, वासुदेवरावाची, कंबर गेली. त्याला डॅशबोर्डखाली शिरता येईना. मग तो स्टुलावर बसून सांगायचा आणि ही खाली पाठीवर झोपून वायर ओढायची. बॅटरीची लाल वायर एका बाजूनं, गाण्याची दुसऱ्या बाजूनं, एकत्र नेली तर स्पीकर इंजिनासारखा कुरकुरतो. अर्थिंग द्यायचं तिथला रंग खरवडायचा, पत्रा चकचकला पाहिजे. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. वायर कुठं पत्र्याला टेकली तर फ्यूज उडतो, गाडी वाचते. "फ्यूज मागं डिकीत लावणाऱ्याला पोलिसात द्यायला पाहिजे," वासुदेवराव म्हणायचा.

तो गेला. तेरावं झालं आणि हिनं शटर उघडलं. तेव्हापासून तिचा दीर येसाजीराव तिच्या वाईटावर. त्याला त्या जागेत मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकायचं होतं.

"वैनी, ही बाईमाणसानं करायची कामं नव्हेत."

"मग कव्हरं विकणं पुरुषाचं काय? जा, बांगड्या पण ठेवा सोबत."

जागा चुलत सासऱ्यांच्या नावावर, दत्तोजीरावांच्या. घराण्यात तेच थोरले. दोघांची रोजची कटकट ऐकून ते कंटाळले आणि म्हणाले, आयुधपूजेला सगळे जमतील, तेव्हा काय ते सांगतो.

पूजेच्या आधी येसाजीनं आपल्या जुन्या गाडीत तिच्याकडूनच अँप्लिफायर बसवून घेतला. घरचीच बाई, म्हणून फुकटात. तिनं शिव्या देत बसवला, पण बसवला व्यवस्थित. वायर पत्र्यातून जाते तिथं रबर घातलं, फ्यूज वीतभरावर लावला, बॅटरीचं टर्मिनल असं आवळलं की हातानं हलणार नाही.

आयुधपूजेला गल्ली सगळी धुतलेली. मोटारसायकली ओळीनं उभ्या, हळदकुंकू लावलेल्या. ह्यांच्या घराण्यातले कुणी एके काळी म्हैसूरच्या फौजेत होते, त्यांची तलवार दुकानासमोर पाटावर मांडली होती. तिच्यापुढं परातीत अंबुबाईची हत्यारं. पाने, पक्कड, टेस्टर, सगळ्यांना कुंकू, सगळ्यांना फूल. एकदा पूजेला ठेवलं की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. गल्लीत सगळ्यांची हत्यारं अशीच देवापुढं बसलेली. त्या दिवशी नट ढिला करायचा म्हटलं तरी कुणाकडं पाना मिळत नाही.

येसाजीनं गाडी सजवली ती अशी की आत बसणाऱ्याला रस्ता दिसू नये. पुढं दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. सुतळी टिकत नाही म्हणून त्यानं सळया बांधायची लोखंडी बायंडिंग वायर घेतली, पुढच्या जाळीतून आत घातली, हाताला लागेल त्याला गुंडाळली आणि पिळून पिळून घट्ट केली. मुलीला, काव्याला, गाडीत बसवलं आणि म्हणाला, भक्तिगीत लाव, मोठ्यानं.

लागलं. आरती सुरू झाली. दत्तोजीरावांनी तलवारीवर फूल वाहिलं आणि गाणं बंद पडलं.

येसाजीला तेच पाहिजे होतं.

"नोडी काका, बघा. आठवडा झाला नाही बसवून. हे हिचं काम."

अंबुबाई मागून म्हणाली, "फ्यूज उडाला असेल. उडाला म्हणजे काहीतरी टेकलंय. हात लावू नका, उद्या बघते."

"उद्या कशाला? मला काय येत नाही?"

त्यानं बॉनेट उघडलं. फ्यूजची काचेची नळी काळी पडलेली. त्यानं ती बोटांनी काढली, गटाराच्या कडेला पडलेला एक बोल्ट उचलला, धोतराला पुसला आणि तिच्या जागी दाबून बसवला. ठिणगी उडाली. तो मागं सरला आणि हसला, सगळ्यांनी बघितलं का ते बघत.

त्यानं पिळलेली बायंडिंग वायर लाल वायरीचं आवरण कापून आत शिरली होती, दुसरीकडं पत्र्याला टेकली होती. आता फ्यूज नव्हता, अडवणारं कुणी नव्हतं. लाल वायर फुगली, तिच्यातून पांढरा धूर निघाला, केळीचं वाळकं पान तडतडलं.

"काव्या, उतर. चावी काढ आणि उतर," अंबुबाई ओरडली.

काव्या उतरून पळाली. चावी काढून काही होणार नव्हतं, वायर सरळ बॅटरीला होती. बाजूला मोटारसायकलींची रांग, प्रत्येकीच्या टाकीत पेट्रोल. कुणी पाणी म्हणालं, कुणी वाळू म्हणालं. येसाजी टर्मिनलला हातानं ओढत होता. ते निघेना, तिनंच आवळलेलं.

अंबुबाई परातीपाशी गेली. फुलं बाजूला केली आणि दहा नंबरचा पाना उचलला.

"वैनी, पूजा," कुणीतरी बाई ओरडली.

तिनं दिराला खांद्यानं ढकललं, निगेटिव्हचा नट ढिला केला आणि टर्मिनल उपटून बाजूला वाकवलं. तडतड थांबली. धूर थोडा वेळ येत राहिला, मग तोही गेला. पदराचा बोळा करून तिनं तो बोल्ट ओढून काढला आणि येसाजीच्या पायापुढं टाकला.

"हा तुमचा फ्यूज. आणि ती केळीची वायर बघा कुठं घुसलीय."

सगळ्यांनी वाकून बघितलं. येसाजी म्हणाला, "बोल्ट सगळेच घालतात. पण पूजेतलं हत्यार कुणी उचलतं का? घराण्यात कधी झालंय असं?"

आणि मग सुरू झालं. वाईट शकुन. तलवारीचा अपमान. वर्ष कसं जाणार. गाडी वाचली ते कुणाच्या तोंडून निघेना.

दत्तोजीराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"अंबू, दुकान तुझ्याकडंच ठेवायचं मी ठरवलं होतं. आताही ठेवतो. फक्त तलवारीपुढं डोकं टेक आणि 'तप्पायितु' म्हण. चूक झाली. एवढंच. म्हणजे ह्यांची तोंडं बंद होतील."

तिच्या हातात अजून पाना होता. त्याच्यावरचं कुंकू तिच्या बोटांना लागलं होतं.

"मामंजी, आत्ता परत पेटलं तर मी परत उचलणार. मग चूक झाली कशी म्हणू?"

"म्हणायला काय जातं?"

"तुमचं काही जात नाही."

"बघा, माज बघा," येसाजी म्हणाला.

"भावजी, त्या माजामुळंच तुमची गाडी चार चाकांवर उभी आहे."

दत्तोजीरावांनी तोंड फिरवलं. तिला कळलं. तिनं कमरेची दुकानाची चावी सोडली, तलवारीशेजारी पाटावर ठेवली. मग बाकीचे पाने, पक्कड, टेस्टर, सगळं परातीसकट उचललं. एक तर उचललाच होता, उरलेल्यांनी काय पाप केलं. पलीकडं टायरवाला कृष्णमूर्ती हे सगळं दारातून बघत होता. तो म्हणाला, "अम्मा, इल्ली कूतकोळ्ळी, इथं बसा." आपल्या पत्र्याखालची रिकामी टायरं त्यानं लाथेनं बाजूला सारली.

दसरा झाल्यावर तिथंच काम सुरू झालं. शटर नाही, बोर्ड नाही, पावसात मागं पत्रा गळतो. गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून आली. समोर कव्हरांचं दुकान झालं, आणि दुकानाबाहेर येसाजीची गाडी मुकी.

एक दिवस काव्या आली. "काकू, अप्पा म्हणतात वायर बदलून द्या."

"अप्पाला पाठव."

येसाजी आला. अंबुबाई कुणाच्या तरी डॅशबोर्डखाली होती, फक्त पाय बाहेर दिसत होते. तिनं त्याला बराच वेळ उभं ठेवलं. मग आतूनच म्हणाली, "बदलते. आधी 'तप्पायितु' म्हणा. बोल्ट घातला ते."

"सुम्ने, उगाच वाद नको, वैनी. म्हणायला काय..."

तो मध्येच थांबला. कृष्णमूर्ती टायरमध्ये हवा भरता भरता वर बघत होता.

येसाजी म्हणाला नाही. आजही म्हणालेला नाही. गाडी तिथंच उभी आहे, केळीच्या खुंटाची सुकलेली साल अजून जाळीत अडकलेली.