अण्णा दारात आले की

सोलापूर शहर आणि अक्कलकोट, मोहोळ, माढा, कुर्डुवाडीकडील तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या गल्लीतले अण्णा आपल्या दारात उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढून त्यांनी काखेत धरली आणि ‘जेवणं झाली का?’ असं मऊ आवाजात विचारलं, तर आपल्या नात्यातलं कुणीतरी गेलेलं आहे. कोण, ते विचारण्याची घाई करू नये. अण्णा सवडीने सांगतील.

असं निवेदन कुठल्या भिंतीवर लावलेलं नव्हतं, मंडळी, पण सगळ्यांना ते तोंडपाठ होतं. अण्णा आता नाहीत, म्हणून ते मी जाहीरपणे लिहायला धजतोय. घरोघरी फोन नव्हते तेव्हा गल्लीत कुणी गेलं की एक माणूस बांबू आणायला धावायचा आणि दुसरा अण्णांना बोलवायला. बाहेरगावच्या नातेवाइकांना बातमी पोचवायचं काम त्यांचं. तार किंवा पत्र पाठवून मरण कळवणं त्यांना असभ्य वाटे. ‘कागदानं सांगायची गोष्ट हाय का ती?’ म्हणायचे. मग पिशवीत एक धोतर टाकून मिळेल त्या एसटीनं, रेल्वेनं, नाहीतर कुणाच्या सायकलवर मागे बसून जायचे आणि माणसांना बरोबर घेऊनच परत यायचे.

जेवणाचं विचारायचे त्यालाही कारण होतं. बातमी कळल्यावर त्या घरात चूल पेटत नाही. ‘पोटात चार घास असले तर माणूस रडायला तरी नीट उभा राहतोय,’ हे त्यांचं म्हणणं. कुणाचं जेवण व्हायचं असेल तर ते ओसरीवर बसून राहायचे आणि वाढून घ्या म्हणायचे. आता दारात अण्णा बसलेत म्हटल्यावर घास कुणाच्या घशाखाली उतरणार? पण ते हटायचे नाहीत. ‘भाकरी संपवा, मला गडबड न्हाय.’ ज्याची बातमी घेऊन आलेले असायचे, त्यालाही आता गडबड नसायची.

पोटापाण्यासाठी अण्णा नवी पेठेतल्या एका दुकानात साड्या दाखवायला होते. साडी उलगडण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आधी घडी नुसतीच समोर ठेवायची, मग काठ, मग अंगावरची बुट्टी, आणि गिऱ्हाईक पुढे सरकून बसलं की सगळ्यात शेवटी पदर. ‘पदर शेवटी,’ हे ते नव्या नोकरांना शिकवायचे. बातमीही ते अगदी अशीच उलगडायचे.

मी स्वतः हे भोगलंय. तेव्हा मी कुर्डुवाडीला रेल्वेत उमेदवारी करत होतो. डबा खाऊन हात धुतोय तर समोर अण्णा, टोपी काखेत. ‘जेवण झालं का, बाळ?’ मी ओल्या हातानंच बाहेर आलो. ‘वडील जरा दमलेत. तुला बघावं म्हणतेत. चल.’ गाडीत बसलो. माढ्याला वडील दमलेलेच होते. मोहोळला अण्णांनी मला चहा पाजला आणि वडिलांना दवाखान्यात नेलं. पाकणीला डॉक्टरांनी मान हलवली. बाळे स्टेशन मागे पडल्यावर अण्णा म्हणाले, ‘आता मन घट्ट कर.’ सोलापूर येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. वडील पहाटेच गेले होते, हे मला मागाहून कळलं. पण माझ्यापुरते ते पाकणीपर्यंत जिवंत होते. तेवढा वेळ मला अण्णांनी मिळवून दिला.

अशा माणसाबद्दल आदर सगळ्यांना, पण त्यांना घरात घ्यायला कुणी तयार नसे. एकदा ते आमच्याकडे सायकलचा पंप मागायला आले. ‘वहिनी’ एवढंच म्हणाले. आईनं गॅस बंद केला, आजीनं सूर लावला आणि शेजारीण आजीला धरायला धावत आली. अण्णा बराच वेळ ‘पंप, पंप’ म्हणत उभे होते. शेवटी पंप न घेताच गेले, आणि जाताना आजीचं सांत्वन करून गेले. दुकानातसुद्धा गल्लीतल्या बायका हळूच मालकाला सांगायच्या, ‘आम्हाला दुसरा माणूस द्या की, लग्नाची खरेदी हाय.’

मग मोबाईल आले. गल्लीचा आणि अण्णांच्या भावकीचा मिळून एक ग्रुप झाला, कारण निम्मी गल्ली त्यांच्या भावकीचीच. त्यानंतर एकदा अण्णा नेहमीसारखे मोहोळला बातमी घेऊन गेले. भर उन्हातून. दारात उभे राहिले, टोपी काढली. ‘जेवणं झाली का?’

‘झाली की,’ घरातली सून म्हणाली. ‘काका गेले, त्येच ना? सकाळीच ग्रुपवर आलं. आमी रिप्लाय बी दिला.’

अण्णा खाटेवर टेकले. ‘रडलं कोण?’

‘रडकी तोंडं टाकली की, ओळीनं.’

‘आणि निघणार कवा?’

‘ह्यांना सुट्टी न्हाय. मोबाईलवर लाईव्ह दावणार हायत म्हणं.’

अण्णा पाणी पिऊन एकटेच परत आले. एकटे परत यायची त्यांची ती पहिलीच वेळ. गल्लीच्या तोंडाशी मला भेटले तेव्हा म्हणाले, ‘मेल्यावर माणसाला एक माणूस बी मिळू नये?’

त्यांची एकुलती लेक पुण्याला नोकरीला होती. आई तिची लहानपणीच गेलेली, त्यामुळे बापाची काळजी तिलाच. तिनं त्यांना मोबाईल घेऊन दिला आणि ग्रुपवर घेतलं. अण्णांनी तिथंही आपली पद्धत चालवली. गल्लीतले मास्तर वारले, तेव्हा अण्णांनी लिहिलं, ‘मास्तरांना जरा दमल्यासारखं वाटतंय.’ त्यावर अंगठे आले. थोड्या वेळानं लिहिलं, ‘दवाखान्यात नेलंय.’ त्यावर ‘लवकर बरे व्हा’ आणि गुलाबाची फुलं. एकानं कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता टाकला. इकडे मास्तरांना अंघोळ घालून झाली होती.

ग्रुप चालवणारा त्यांचा पुतण्या तणतणत घरी आला. ‘अण्णा, जे हाय ते एका मेसेजात टाकत जावा की.’

‘एका मेसेजात माणूस मारतेत व्हय रे?’ अण्णा म्हणाले.

पुतण्यानं त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं.

आणि मग लेकीचं लग्न ठरलं. अण्णांच्या अंगात नवा माणूस शिरला. पत्रिका छापल्या, तांदळाला हळद-कुंकू लावून अक्षता केल्या. लेक म्हणाली, ‘फोनवर पाठवू, एका मिनिटात सगळ्यांना जाईल.’ अण्णांनी ऐकलं नाही. मला म्हणाले, ‘जन्मभर लोकांच्या दारात जाऊन रडवलं. एकदा तरी चांगली बातमी घेऊन दारात जायचंय मला. दार उघडावं, या म्हणावं, आणि हसत माझ्या हातनं अक्षत घ्यावी. बास.’

पहिल्या घरात त्यांना बघताच गॅस बंद झाला. दुसऱ्या घरात ते शहाणे होऊन गेले आणि दारातूनच म्हणाले, ‘लेकीचं लग्न हाय.’ ती बाई मटकन खालीच बसली. ‘अण्णा, माझ्या भावाच्या वेळी बी तुमी लग्नाची बोलणी हायत म्हणूनच नेलं हुतं मला.’ तिसऱ्या घरातले म्हातारबुवा त्यांना गल्लीत वळताना बघून गच्चीवर गेले आणि खाली यायला तयार होईनात.

राहिली थोरली आक्का. अण्णांची सख्खी बहीण, अक्कलकोटला दिलेली. तिकडे राहून तिच्या बोलण्यात कानडी मिसळलेलं, धाकट्या भावाला ती तम्मा म्हणायची. आई, वडील, सोलापूरच्या दवाखान्यात गेलेले नवरा आणि दीर, सगळ्यांच्या बातम्या तिला तम्मानंच आणून दिलेल्या. मागे एकदा तिनं सांगूनच टाकलं होतं, आता माझ्या दारात यायचं नाही. तरी अण्णा गेले. आक्कानं खिडकीतून बघितलं आणि कडी लावली.

‘आक्का, जेवण झालं का?’ अण्णांच्या तोंडून निघून गेलं.

‘माघारी जा,’ आक्का आतून म्हणाली. ‘मी ऐकलंच न्हाय म्हंजे कोण मेलंच न्हाय.’ आणि मागच्या दारानं शेजारी जाऊन बसली.

अण्णा अक्षता तशाच घेऊन परत आले. त्या संध्याकाळी ते लेकीला म्हणाले, ‘कर बाई तुझं ते एक मिनिट.’

फक्त एक अट घातली. बोलणार ते स्वतः. लेकीनं त्यांना भिंतीपाशी बसवलं, हात जोडायला लावले आणि मोबाईलवर व्हिडिओ काढला. शोभा म्हणून चारी बाजूंनी झेंडूच्या माळांची चौकट लावली. खाली लिहिलं, ‘सर्वांनी अवश्य यावे.’ सकाळी गल्ली उठायच्या आत पुण्याच्या गाडीला निघताना तिनं तो ग्रुपवर टाकला. ग्रुपचा आवाज तर तिनं केव्हाच बंद करून ठेवला होता.

आता मंडळी, तुम्हीच बघा. सकाळी उठून मोबाईल हातात घेतला, तर अण्णा. हात जोडलेले. भोवती झेंडूच्या माळा. खाली, सर्वांनी अवश्य यावे. कुणीतरी पहिली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकली आणि मग रांगच लागली. ज्यांनी व्हिडिओ लावून बघितला त्यांनाही काही वेगळं दिसलं नाही, कारण अण्णांनी पदर शेवटी ठेवला होता. सुरुवातच होती, ‘जेवणं झाली का सगळ्यांची?’ पुढं, ‘मन घट्ट करून ऐका.’ त्यापुढं ऐकायची कुणाची छाती? लेकीच्या लग्नाचं आमंत्रण शेवटी होतं, तिथवर एकही माणूस पोचला नाही. उलट कुर्डुवाडीच्या एका चुलतभावानं लिहिलं, ‘स्वतःची बातमी स्वतःच सांगून ठेवून गेला. कामाला असा माणूस पुन्हा होणे नाही.’ त्याला सगळ्यांनी हात जोडले.

मी त्या दिवशी कामानिमित्त कुर्डुवाडीलाच होतो. त्या चुलतभावाबरोबर, भावकीबरोबर गाडीत चढलो. माढा गेलं, मोहोळ आलं. चहावाला खिडकीशी उभा राहिला, मला चहा घ्यावासा वाटेना. या खेपेला दमलेलं वगैरे काही नव्हतं. चौकट, माळा, संपलं.

गल्लीत पोचलो तर सगळे अण्णांच्या दारापासून चार हात लांब उभे. दार बंद. लेक आत एकटी असेल, असं त्यांनी धरून चाललेलं. मग दार का नाही वाजवलं, तिला फोन का नाही केला, असं मी विचारलं, तर पुतण्या कसनुसा होऊन म्हणाला, ‘काय बोलायचं असतंय अशा वेळी? ते सगळं अण्णाच बघायचे की.’ बांबू मात्र आले होते.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि आक्का उतरली ती रडतच. ‘अय्यो तम्मा, कुणाचं बी काम असू दे, न्हाय म्हणला न्हाईस रे. आणि मी तुला दारातनं परत धाडलं की रे तम्मा.’ तिच्या आवाजानं आम्ही सगळेच फुटलो. माझ्याही तोंडून हुंदका गेला.

दार उघडलं.

अण्णा दुपारचे झोपले होते. बाहेर रडारड ऐकून ते उठले होते आणि आपल्या सवयीनं तयारीनिशी आले होते. टोपी काखेत. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि हळूच विचारलं, ‘सगळ्यांची जेवणं झाली का?’

बांबू आणणाऱ्यानं बांबू सावकाश आपल्या पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला.

अण्णा माझ्याजवळ आले. ‘कोण गेलं रे?’

‘तुम्ही,’ मी म्हणालो. हप्त्याहप्त्यानं सांगायचं मला सुचलंच नाही.

अण्णांचा चेहरा पडला. ‘आणि मला कुणी सांगितलं बी न्हाय?’

आधी कुर्डुवाडीचा चुलतभाऊ हसला. मग पुतण्या, मग सगळी गल्ली. गच्चीवर पळालेले म्हातारबुवा भिंतीला धरून हसत होते. अण्णांना काय झालंय ते उमगायला थोडा वेळ लागला. पण एक गोष्ट त्यांना लगेच दिसली. ज्यांनी ज्यांनी त्यांना दारातून परत पाठवलं होतं ती सगळी माणसं त्यांच्या दारात उभी होती, आणि हसत होती. ते आत धावले. इतकं धावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अक्षतांचं ताट घेऊन बाहेर आले आणि माणसागणिक एकच वाक्य म्हणत सुटले, ‘लेकीचं लग्न हाय, या.’ काठ नाही, बुट्टी नाही, एकदम पदर.

आक्का अजून पायरीपाशी बसून हुंदके देत होती. अण्णा तिच्यापुढं उकिडवे बसले, तिचा हात उघडला आणि त्यात अक्षता ठेवल्या. आक्कानं तांदळाकडे बघितलं, तम्माकडे बघितलं, नाक पुसलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘जन्मात पहिल्यांदा तुला दारात बघून बरं वाटलं बघ मला.’