वारं गेलेला पाय

त्या काळी सोलापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो. बैल आणि टांग्याची घोडी यांच्यातच दिवस जाई. कुत्रं दाखवायला कुणी आणलं की बाकीचे हसत. मलाही वाटे, आता एवढंच राहिलं होतं.

एका सकाळी सांगोल्याकडची एक धनगरीण मेंढरांच्या राखणीचं कुत्रं घोंगडीत बांधून, पाठीवर घेऊन आली. त्याचा मागचा पाय लोंबत होता.

"सायेब, ह्येच्या पायावरनं वारं गेलंय," ती म्हणाली. "आमच्या धन्याचं असंच झालं. चिमटा काडला तरी कळत न्हवतं. त्यातच गेले."

"मग याला चिमटा काढून बघितलात का?"

"न्हाय. धीरच झाला न्हाय."

कुत्र्याच्या अंगात ताप होता. गुडघा सुजून गरम झालेला. मी तो जरा दाबला मात्र, कुत्रं किंचाळलं आणि माझं मनगटच त्यानं तोंडात धरलं. मी ठेवणीतली शिवी हासडली. बाईच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"वराडलं की! सायेब, दुकतंय की त्याला!"

सांध्यात सुई घालून पाणी ओढलं. निरोगी सांध्यातलं पाणी स्वच्छ, चिकट असतं; हे ताकासारखं गढूळ निघालं. मागं लांडग्यानं धरलं होतं, असं बाईनं सांगितलं; ती जखम वरून भरली होती आणि आत पू झाला होता. पेनिसिलिनचं तेव्हा नावही ऐकलं नव्हतं. क्लोरोफॉर्म देऊन सांधा उघडला आणि उकळलेल्या मिठाच्या पाण्यानं धुतला.

"जगलं तरी पाय वाकेल असं नाही," मी बजावलं.

"न वाकंना का. त्याला काय कुणापुढं गुडगं टेकायचं हायत?"

मेंढरं लेकाच्या हवाली करून ती आवारातल्या लिंबाखालीच राहिली. मी रोज जखम धुवायचो, ती शेकायची. माझ्या दोन शिव्या कुत्र्याला आणि एक तिला, असा आमचा रिवाज पडला. त्या सकाळींची मला फार आठवण येते.

हळूहळू ताप उतरला, पू थांबला. पाय ताठच राहिला. जाताना कुत्रं आपल्या पायांनी चालत गेलं, आणि फाटकाशी थांबून माझ्यावर मनसोक्त गुरगुरलं.

आता माझेच गुडघे धरलेत. उठताना ओरडतो, तेव्हा घरची मंडळी धावत येतात. मला मात्र त्या बाईचा आवाज ऐकू येतो, "दुकतंय की!" आणि खरं सांगतो, फार बरं वाटतं.