का मारलं, तेही लिहा

“पयलं रगत दाखव, मंग रड.”

मावशी हे म्हणायची आणि म्हणता म्हणता समोरच्या मुलीच्या पाठीत एक धपाटा घालायची. मग तिचं चिरलेलं बोट मुठीत दाबून नळाखाली न्यायची, जखम निरखायची आणि पट्टी बांधायची. आधी मार, मग मलम. हा क्रम आमच्या कारखान्यात कुणालाच बदलता आला नाही.

कारखाना म्हणजे पनवेलजवळच्या एमआयडीसीतला, मासळी गोठवण्याचा. पहाटे उरणकडून टेम्पो यायचे. स्टीलच्या लांब टेबलांवर बायका मासळी साफ करायच्या, कापायच्या, आणि पुढे तिच्या गोठलेल्या लाद्या परदेशी जायच्या. मी टाइम ऑफिसात. हजेरी, रजा, आणि कामावर कुणाला लागलं-खुपलं तर ते वर कळवणं, हे माझं काम. मावशी कटिंग टेबलाची प्रमुख. कोळीण, पन्नाशीची, खांदे वल्हं मारणाऱ्या पुरुषासारखे. अशी एखादी बाई तुमच्याही पाहण्यात असेल. आपण तिच्या आवाजाला घाबरतो आणि वेळ आली की तिच्याच शेजारी जाऊन उभे राहतो.

भांडकुदळ नव्हती ती; भांडण्यात वेळ घालवणं तिला आवडतच नसे. एका टेम्पोवाल्याने मुलींकडे बघून शीळ घातली, तेव्हा तिने टेबलावरचं सुरमईचं डोकं उचललं आणि असं नेमकं फेकलं की त्याचा ओठ फुटला. पुढे तो माल उतरेपर्यंत काच वर करून गाडीतच बसायचा.

मीही खाल्लाय तिचा मार. नवा होतो. एकीचा तळवा चिरला होता आणि मी वरवर बघून म्हणालो, “किरकोळ आहे मावशी, पट्टी लावा.” तिने माझं मनगट पकडलं आणि हात मिठाच्या बर्फगार पाण्यात कोपरापर्यंत खुपसला. धरून ठेवला. आतली हाडं ठणकायला लागली, मी ओरडलो.

“किरकोल हाय बाला,” ती शांतपणे म्हणाली. “जरा कल काढ.”

मग सोडला, आणि स्वतःच्या पदराने पुसून दिला. बायका तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

खरं तर कायदा काही किचकट नाही. कामावर इजा झाली, मग ती बोटाएवढी का असेना, की कंपनीने ती ईएसआयला, म्हणजे सरकारी कामगार विम्याला, कळवायची. तिथला डॉक्टर जखम पाहतो, विश्रांती लिहून देतो, आणि तेवढ्या दिवसांच्या पगाराचा मोठा भाग कामगाराच्या खात्यात येतो. बोट कायमचं अधू राहिलं तर त्याचाही विचार होतो. ठेक्यावरच्या बाईलाही हे सगळं लागू. घोडं अडतं ते एकाच ठिकाणी: इजा कामावर झाली असं मान्य करायला हवं.

टेबलावरच्या बायका ठेकेदाराच्या, आणि त्याला नेमकं तेच नको असायचं. अपघात वाढले की कंपनी ठेका दुसऱ्याला देईल, ही त्याची भीती. त्यामुळे जिला लागलं तिला मागच्या गेटने काढायचं, रिक्षात घालून खासगी डॉक्टरकडे न्यायचं आणि “घरी विळी लागली” म्हणायला लावायचं. फार बोलली तर उद्यापासून येऊ नकोस. मावशी पट्ट्या बांधायची, शिव्या घालायची, पण रिक्षा काही थांबत नव्हत्या.

रेश्मा रोडपालीहून यायची. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. गोठलेल्या लाद्या कापायच्या करवतीत तिचा हातमोजा अडकला आणि एका बोटाचं टोक नखासकट गेलं. पांढऱ्या लादीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. ठेकेदाराचा सुपरवायझर धावत आला, हाताला फडकं गुंडाळलं आणि तिला मागच्या गेटकडे ओढू लागला. मी ऑफिसच्या दारात उभा होतो. सगळं समोरच चाललं होतं.

“घरपे लगा बोलनेका. समझी?”

“इथं लागलंय,” रेश्मा म्हणाली. “मी इथंच लागलं म्हणून सांगणार.”

त्याने फडक्यावरूनच तिचं ते बोट मुठीत धरलं आणि पिळलं.

तिची किंकाळी विरायच्या आत मावशी पोचली. हातात मासळीने भरलेला ॲल्युमिनियमचा ट्रे. तिने तो दोन्ही हातांनी वर नेला आणि त्याच्या तोंडावर आणला. दात मोडल्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. तो कोसळला. ती वाकली आणि पुन्हा हाणला, या वेळी खांद्यावर. पुन्हा ट्रे वर गेला तेव्हा आम्ही पुरुषांनी तिला मागून धरलं. तरी ती आम्हाला फरफटवत त्याच्याकडे जात होती. टेबलावरची एकही बाई जागची हलली नाही. मावशीला आवरायलाही नाही आणि त्याला वाचवायलाही नाही.

सुपरवायझरसाठी लगेच कंपनीची गाडी आली. रेश्मा भिंतीला टेकून बसली होती, फडक्यातून रक्त ठिबकत होतं. ठेकेदार माझ्यासमोर टेबलावर हात आपटत म्हणाला, “आधी ह्याचं ईएसआयला कळव. ड्यूटीवर मार बसलाय. आणि पोलिसांना फोन लाव.”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कामावर असताना, कामावरून कुणी मारलं तर तीही कामावरचीच इजा. मी विचारलं, “कारण काय सांगू?”

“बाईने मारलं.”

“का मारलं?”

त्याने टेबलावरचे हात मागे घेतले.

मावशी दाराबाहेर फरशीवर होती, वॉचमनने तिचे दोन्ही हात धरून ठेवले होते. ती हसली. “लिव ना बाला. मी मारलं. बक्कल मारलं. आनि का मारलं, ते पन लिव.”

चौकीत पोचेपर्यंत ठेकेदाराने विचार बदलला होता. मावशीने माफी मागावी, तो तक्रार करणार नाही, उद्यापासून तिने कामावर यावं. आज कारखान्यात काही झालंच नाही. कुणाचा दात पडला नाही आणि कुणाचं बोटही तुटलं नाही.

हवालदार म्हणाला, “मावशी, ह्या वयात कोर्टकचेरी कशाला? मिटवा की.”

मलाही वाटलं, मिटवावं. तिच्या कानाशी लागून मी तसं म्हणालोसुद्धा. “केस झाली तर काम जाईल, मावशी. आत जावं लागेल.”

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. टाके घालून आणलेली रेश्मा तिला चिकटून बसली होती. मावशीने तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

“तुजं बोट कुटं तुटलं?”

“मावशी, जाऊ दे ना. तुला आत टाकतील.”

“इचारलं तेवरंच सांग. कुटं तुटलं?”

“कारखान्यात.”

मावशी हवालदाराकडे वळली. “ऐकलं सायेब? ह्याच्या मानसाचं दात मी पारलं. नाय म्हनत नाय. त्यानं पोरीचं तुटलेलं बोट पिललं म्हनून पारलं. घरी तुटलं असतं तं त्याला कारखान्यात पिलायला गावलं कसं?”

ठेकेदार उठून बाहेर गेला. हवालदाराने पेन उघडलं.

अशी मावशीच्या गुन्ह्यात रेश्माची इजा आपोआप लिहिली गेली. दात कामावर पडले, तर बोटही कामावरच तुटलं होतं. एक कळवून दुसरं लपवणं आता कुणालाच शक्य नव्हतं. कंपनीने मुकाट्याने दोन्ही अपघात कळवले. रेश्माला ईएसआयची सुटी मिळाली, सुटीतले पैसे खात्यात आले, आणि बोट बरं झाल्यावर कायमच्या अधूपणासाठी तिची तपासणीही झाली. मावशीला जामीन मिळाला. काम मात्र गेलं.

काही आठवड्यांनी ती कोर्टाच्या तारखेहून घरी परतत होती. गव्हाण फाट्याला उतरून दुसऱ्या गाडीची वाट बघत असताना मोटारसायकलींवरून माणसं आली. त्यांच्याकडे लोखंडी पाइप होते. भर दुपार, रस्ता वाहता. उजवा हात त्यांनी ठरवूनच मोडला. ती पडल्यावर हात फुटपाथच्या कडेवर ठेवून मोडला, असं पानटपरीवाल्याने सांगितलं. नंतर त्यालाही काही आठवेना. कुणी पाठवलं याचा आम्ही काय तो अंदाज बांधला. सिद्ध काहीच झालं नाही.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा रेश्मा उशाशी बसून तिचे केस विंचरत होती. आखूड झालेलं बोट सारखं गुंत्यात अडकायचं.

“ओरू नको गो! टकली करतंस काय मना?” मावशी ओरडली आणि डाव्या हाताने तिला चापट मारली. लागली नसावी. रेश्मा हसली.

मी मनाशी काही जुळवतोय हे मावशीला कळलं. “कसला इचार करतंस?”

“बघतोय, मावशी, ह्याचं काही बसतं का कायद्यात. पण तुम्ही कामावर नव्हता. नोकरीच नव्हती तेव्हा.”

“म्हंजे घरी लागलं म्हनायचं.”

ती मोठ्याने हसायला गेली आणि कळ आली तशी मध्येच थांबली. तोंड भिंतीकडे वळवलं. रेश्माने कंगवा खाली ठेवला आणि तिचा चांगला हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. मी बाहेर जाऊन चहा सांगून आलो.

हात वाकडा जुळला. त्यात सुरी धरता येईना. पुढे ती रत्नागिरीकडे लेकीकडे राहायला गेली असं कळलं. केस अजून चालू आहे. एकदा मी मुद्दाम तारखेला गेलो होतो, तर तिच्या वतीने फक्त वकील आले होते.

टेबलाच्या टोकाला तिची जागा अजून मोकळी आहे. कंपनीने एक-दोघींना तिथे उभं केलं, त्या आपणहून मागे सरकल्या.

परवा एका नव्या मुलीचा अंगठा चिरला. नवा सुपरवायझर फडकं घेऊन आला आणि तिला धरून इकडेतिकडे बघू लागला. टेबलावरचा आवाज हळूहळू बंद झाला. कुणी ओरडलं नाही, कुणी पुढेही आलं नाही. सगळ्या बायका फक्त त्याच्याकडे वळून उभ्या राहिल्या. हातातल्या सुऱ्यांवरून मासळीचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

त्याने तिचा हात सोडला. मग मला हाक मारून म्हणाला, “साहेब, गाडी बोलवा. ईएसआयला कळवा.”

गाडी आली, मुलगी आत बसली, गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मगच पहिली सुरी मासळीवर टेकली.