आत्ते आधी वर बघायची

कोणाच्याही घरात शिरलं की आत्ते आधी वर बघायची. घरातली माणसं हसत पुढे आलेली असायची आणि हिचे डोळे माळ्यावर. तिथे तांब्याचा हंडा किंवा नारळांचं पोतं दिसलं की ती खुर्ची ओढून बाजूला न्यायची आणि मगच पाणी मागायची. आमच्या मसुरे गावात तिची चेष्टा व्हायची. तिला त्याचं काही नसे.

आत्ते म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. तिचा संसार भुजला झाला आणि तिथल्या मोठ्या भूकंपानंतर ती एकटीच माहेरी परत आली. घर कोसळून तिचे यजमान, आमचे काका, गेले, असंच सगळे धरून चालत. मी एकदा तांदूळ निवडताना सरळ विचारलं, तेव्हा म्हणाली, "घर उभा रवला गो. माळ्यान मारल्यान." माळ्यावर पितळेच्या भांड्यांनी भरलेली ट्रंक होती, बरोबर काकांच्या खाटेच्या वर. "वर ठेव म्हणान मियांच सांगल्लंय," एवढं बोलून ती पुन्हा खडे शोधू लागली.

तिची खाट खिडकीपासून लांब असे. खाली चपला, टोकं बाहेरच्या बाजूला. काचा फुटल्यावर अनवाणी पळता येत नाही, हे तिचं म्हणणं. चतुर्थीला गणपतीवर फळं आणि नारळ टांगलेली माटवी बांधली की आत्ते सुंभ स्वतः ओढून बघायची. सासरे वैतागायचे. गणपतीवर तरी विश्वास ठेव म्हणायचे.

"गणपतीर भरवसो आसा रे माजो. तुज्या सुंभार नाय."

सासरे पुटपुटत जात आणि दुसरा दोर घेऊन येत.

माझ्या लेकीला, गौरीला, बँकेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक आली भुजला. मी नाही म्हटलं. गौरीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. हजर व्हायची तारीख जवळ येत होती. मी मोबाईलवर भुजचा नकाशा काढला. शहराच्या उत्तरेला जमिनीतल्या भेगा तांबड्या रेघांनी दाखवल्या होत्या. तो घेऊन आत्तेकडे गेले. ती माझ्याच बाजूने बोलणार याबद्दल मला शंका नव्हती.

तिने चष्मा लावला आणि बराच वेळ नकाशा बघितला. मग म्हणाली, "हेच्यात गौरी रवतली ती खोली खंय आसा?"

खोली नकाशात कशी असेल, असं मी म्हटलं.

"मगे ह्यो माका कित्याक दाखवतंस? रेघ आसा थंयच रवतली, ती काय हलाची नाय. तू जा आणि खोली बघ."

मी गौरीबरोबर भुजला गेले. पहिली खोली झकास होती, पण पलंगाच्या वर घरमालकाच्या सामानाने गच्च भरलेला माळा. ती नको म्हटलं. दुसरी बैठ्या घरातली, भूकंपानंतरच्या नव्या पद्धतीने बांधलेली, साधी. तिथूनच आत्तेला फोन लावला. तिने पहिला प्रश्न विचारला, वर काय आहे? पंखा, मी सांगितलं.

"आणि?"

"आणि काय नाय."

"रवांदे तिका."

कपाट भिंतीला स्क्रूने आवळून घ्यायला लावून मी परत आले.

पुढच्या वर्षी तिथे धक्का बसला. आम्ही लावायच्या आधी गौरीचाच फोन आला. पंखा हलला, बाकी पडायला काही नव्हतंच, ती म्हणाली. आत्तेने माझ्या हातातून फोन घेतला. "चपला गावल्यो?" सापडल्या होत्या. आत्तेने फोन परत दिला आणि चहा टाकायला सांगितला.

गेल्या वर्षी आत्ते गेली, आपल्याच खाटेवर, झोपेत. आमच्या ह्यांनी तिचा फोटो मोठा करून काचेच्या फ्रेममध्ये घालून आणला. खिळा ठोकायला स्टुलावर चढले. खाली बाकडं, रोज कोणीतरी बसतं ते. मी त्यांना उतरायला सांगितलं. फोटो आता कोनाड्यात आहे, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. येणारे जाणारे विचारतात, आम्ही सांगतो.

माझ्या हातात असतं तर गौरी आज घरीच बसली असती, माझ्यावर रागावून. परवा ती सुट्टीवर आली. बॅग हातातच होती. उंबरठ्यावर थांबून तिने आधी वर नजर फिरवली. मग आत आली आणि खाली बसून आत्तेला नमस्कार केला.