आप्पासाहेबांची अकरा उत्तरे

दाभोळच्या दवाखान्यात डॉक्टर महिपत सुर्वे यांच्या खुर्चीमागे एक खिळा होता. खिळ्याला तार, तारेत ओवलेली अकरा पत्रे. सगळी एकाच माणसाची. कौन्सिलचे मेंबर आप्पासाहेब कोतवडेकर. टाईप केलेला मजकूर, खाली सही. मजकूरही एकच : 'आपले पत्र पोहोचले. विषय विचाराधीन आहे.'

डॉक्टरांचे मागणे लहान होते. पावसाळ्यात आगबोटी बंद होत. मग देवीची लस बैलगाडीने घाट उतरून येई. पोहोचेपर्यंत ती मेलेली असे. नळीत बघून कळत नसे. जिवंत लस आणि मेलेली लस, दोन्ही दिसायला सारखीच. म्हणून डॉक्टर १९२७ सालापासून लिहीत होते, की इथेच वासरावर लस तयार करू द्या. चार वासरे, एक पडवी, एक माणूस. आप्पासाहेबांनी एक शब्द टाकला असता तर काम झाले असते.

१९२९च्या ज्येष्ठात देवीची साथ आली. लस घाटावरून आली. दवाखान्यापुढे लोक जमले, पण पोर कोणी पुढे करीना.

हौसा म्हातारी म्हणाली, "आदी तुमच्या पोरीला टोचा. मंग आमच्यांना हात लावा."

डॉक्टरांना हे नवीन नव्हते. गावात टोचायला पहिला दंड नेहमी डॉक्टरांच्या घरचाच लागे. त्यांची चिमा सात महिन्यांची होती. सहा महिने पुरे झाल्याशिवाय टोचायचे नाही असा नियम होता, म्हणून हिवाळ्यातली चांगली लस त्यांनी तिला दिली नव्हती. आता दिली ती ही घाटावरून आलेली. तिच्या मागोमाग बेचाळीस पोरांना टोचले.

आठव्या दिवशी दंड तपासायचा असतो. लस लागली असेल तर फोड उठतो. डॉक्टरांनी चिमाची बाही वर केली. दंड कोरा होता.

ते बेचाळीस घरे फिरले. सगळे दंड कोरे.

चिमा पुढच्या पंधरवड्यात देवीने गेली. गावातली आणखी सहा पोरे गेली. डॉक्टरांनी सातवे पत्र लिहिले. त्यात एवढेच होते : माझी मुलगी मेलेल्या लशीने गेली.

उत्तर आले. 'आपले पत्र पोहोचले. विषय विचाराधीन आहे.'

त्या दिवशी त्यांनी बाजारातून तार आणली. पुढे आणखी चार पत्रे लिहिली. ती लशीसाठी नव्हती. त्यांना उत्तरे जमवायची होती.

पाच वर्षे गेली. १९३४च्या मार्गशीर्षात आप्पासाहेब गावच्या घरी आले. बरोबर सून आणि पाच महिन्यांचा नातू. चौथ्या दिवशी शेजारच्या आळीत देवी निघाल्या. बोटीने आलेली ताजी लस एकट्या डॉक्टरांपाशी होती.

आप्पासाहेबांचा कारकून बाबू चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठी हाताने लिहिलेली. 'घरी येऊन बाळाला टोचून जावे.'

डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. सहीपलीकडे आप्पासाहेबांचे अक्षर त्यांनी प्रथमच पाहिले. चिठ्ठी उलटी करून त्यांनी मागे लिहिले, 'आपले पत्र पोहोचले. विषय विचाराधीन आहे.'

घरी बायको गोदा म्हणाली, "अहो, पोरावर सूड नका हो काढू."

"पोरावर नाही काढत," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब स्वतः आले. नातू हातात. रांगेत वीसेक माणसे होती.

"टोचतो," डॉक्टर म्हणाले. "पण आधी हे वाचा. सगळ्यांना ऐकू जाईल असं." त्यांनी तार खिळ्यावरून काढून पुढे धरली.

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. ते वाचू लागले. पहिले. दुसरे. तिसरे.

"मोठ्यानं हो, सायेब!" मागून लवू खलाशी ओरडला. "हितं कायबी ऐकू येत नाय."

"अरे, तेच तेच तर आहे," कोणीतरी म्हणाले. लोक हसले.

सातव्याला डॉक्टर म्हणाले, "थांबा. तारीख वाचा."

आप्पासाहेबांनी तारीख वाचली.

"हे कशाचं उत्तर आहे, आठवतं?"

"नाही."

"माझी मुलगी गेली, असं मी लिहिलं होतं."

आता कोणी हसले नाही. हौसाने पदर तोंडाला लावला.

"पत्रं कारकून बघायचा, डॉक्टर."

"सही कुणाची आहे?"

आप्पासाहेबांनी खालची सही पाहिली. "माझी."

"पुढचं वाचा."

अकराही वाचून झाली. डॉक्टरांनी हात धुतले. पोराचा दंड पुसला.

"सहा महिने पुरे व्हायला हवेत ना?" आप्पासाहेबांनी विचारले. "नियम आहे म्हणतात."

"मी तो एकदा पाळला," डॉक्टर म्हणाले, आणि टोचले.

आठव्या दिवशी ते कोतवडेकरांच्या घरी गेले. बाही वर केली. फोड टपोरा उठला होता. डॉक्टर त्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिले.

आप्पासाहेबांनी चहा मागवला. "झालं ना समाधान, डॉक्टर?"

"नाही."

त्यांनी कोटातून कागद काढला. बारावे पत्र. मजकूर त्यांच्याच पहिल्या पत्राचा, इथेच वासरावर लस तयार करू द्या; तारीख तेवढी आजची.

"विचार करून कळवतो."

"मी बसतो," डॉक्टर म्हणाले. चहाला त्यांनी हात लावला नाही.

आप्पासाहेबांनी बाबूला हाक मारली. तो टंकयंत्र आणायला आत वळला.

"टाईप नको," डॉक्टर म्हणाले. "हातानं."

चहावर साय धरली. मग आप्पासाहेबांनी दौत पुढे ओढली.