कॉम्प्युटरचे सुटे भाग आणायला लोणी ते सदाशिव पेठ, दोनदा

तयार कॉम्प्युटरपेक्षा सुटे भाग आणून घरी जोडला तर त्याच पैशात चांगला होतो, असं माझी नात सायली जेवताना म्हणाली आणि माझा घास हातातच राहिला. मी आयुष्यभर लोणी काळभोरमध्ये शेतातल्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त केल्या. सुटे भाग काय छळतात ते मला माहीत आहे. एक बेअरिंग चुकीचं आलं की पुन्हा पुण्याला खेप, आणि तोवर शेतकरी दारात बसलेला.

पण जाणं भाग होतं. सायलीला एका कंपनीने व्हिडिओ जुळवण्याचं काम देऊ केलं होतं. सोमवारपासून आठवडाभर करून दाखवायचं, पसंत पडलं तर कायम. घरी कॉम्प्युटर झाला तर काम घरून. नाही झाला तर सदाशिव पेठेत मैत्रिणीच्या खोलीवर राहून, तिच्या कॉम्प्युटरवर. त्या खोलीत एक कॉट रिकामी होती. मला त्या कॉटची काळजी लागली होती.

शनिवारी सकाळी निघालो. आमच्या धंद्यात एक नियम आहे: नमुना घेतल्याशिवाय पुण्याला जायचं नाही. भागाचं नाव विसरेल, नंबर पुसला जाईल, पण जुना भाग दुकानदारापुढे ठेवला की तो तसाच काढून देतो. म्हणून माझ्या मुलाचा माळ्यावर पडलेला जुना कॉम्प्युटर मी उघडला आणि त्यातली मोठी हिरवी पट्टी पिशवीत घातली. तिला मदरबोर्ड म्हणतात.

"आबा, ते कशाला? माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे," सायली म्हणाली.

"असू दे की. वजन मी उचलतोय," मी म्हटलं.

"अन् धपाटं पण उचला," सायलीची आजी म्हणाली आणि डबा माझ्या हातात दिला. "लोखंडाच्या खाली दाबू नका म्हंजे झालं."

लोणीहून हडपसरला बसने जा आणि तिथे गाडीतळावर स्वारगेटची बस धरा. सकाळी लवकर निघालात तर बसायला मिळतं. उशीर केलात तर पंधरा नंबरच्या चौकात जो वेळ जाईल त्यात निम्मा डबा संपेल. सुटे पैसे ठेवा, कंडक्टरची बोलणी वाचतात. आम्ही स्वारगेटला उतरलो, सारसबागेत बाकावर बसून धपाटी खाल्ली आणि टिळक रोडने चालत निघालो.

सदाशिव पेठेत एका बोळापाशी सायली थांबली. "आबा, ती बघा. दुसऱ्या मजल्यावर. तीच खोली."

खिडकीच्या गजांना ओले टॉवेल वाळत घातले होते. आत मुली हसत होत्या. खोली चांगली होती, उजेड होता, खाली किराणा दुकान आणि समोर डॉक्टर. नाव ठेवायला काही सापडेना, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

दुकान तिथून जवळच, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. मालक माझ्याहून थोडे लहान, चष्मा कपाळावर. मी पिशवीतून बोर्ड काढून काउंटरवर ठेवला.

त्यांनी चष्मा खाली घेतला. "आजोबा, हा नमुना आहे की अवशेष?"

"असाच पाहिजे. फक्त नवा," मी म्हटलं.

"असाच हवा असेल तर मला जमीन खणावी लागेल."

सायली हसली. मला राग आला, पण पुढे त्या गृहस्थांनी जे समजावलं ते तुम्हीही ऐकून ठेवा. त्यांनी माझ्या बोर्डावरची जुनी रॅम काढली आणि शेजारी नवी ठेवली. लांबी सारखी, रंग जवळजवळ सारखा. पण खालच्या कडेला जी छोटी खाच असते ती दोन्हींची वेगवेगळ्या जागी. "ही खाच जुळली नाही तर जोर लावायचा नाही. लावलात तर रॅम आणि बोर्ड, दोन्ही गेले."

हे मला पटलं. शाफ्टची खाच आणि पुलीची खाच जुळल्याशिवाय मीही कधी हातोडी उचलली नाही.

तर क्रम असा. आधी प्रोसेसर ठरवा. आमच्या सायलीने चित्र दाखवायची सोय आतच असलेला घेतला, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड लागलं नाही. मग त्याच्या खोबणीचा मदरबोर्ड. मदरबोर्ड सांगेल त्या जातीची रॅम आणि फाइली साठवायला डिस्क. मग पेटी, पण बोर्ड तिच्यात मावतो का ते पाहून. वीज पुरवणारा डबा मात्र नावाजलेला घ्या. तो स्वस्तातला जळाला तर एकटा जळत नाही, हे मी मोटरवाला म्हणून सांगतो. पडदा म्हणून आम्ही घरचा टीव्हीच वापरणार होतो. सगळं मिळून चाळीस हजारांच्या आत बसलं. रॅमचे भाव चढलेले होते. मी कमी करा म्हटलं, तर मालक म्हणाले, "कमी झाले की कळवतो. पत्ता लिहून ठेवा."

"गॅरंटी?" मी विचारलं.

"मालाची आहे. माणसाची नाही. घरी कोण जोडणार?"

"मी," सायली म्हणाली.

"मग ठीक." माझ्याकडे बघून त्यांनी हे का म्हणावं, ते तेव्हा कळलं नाही.

परतीला स्वारगेटपर्यंत रिक्षा केली, तिथून बस. पेटीचा खोका एवढा मोठा की कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ह्याला मांडीवर घ्या नाहीतर लग्न लावून द्या, वाटेत नको." सायली पुढे बायकांच्या सीटवर बसली. मी मागे, खोक्यांसोबत.

आणि तिथे मला काळजीने घेरलं. माल बरोबर दिला असेल ना? फॅन मोडका निघाला तर? मी एकेक खोका हळूच उघडून बघू लागलो. प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचा तो फॅन उलटा केला. त्याच्या बुडाला करड्या रंगाचं ग्रीस लागलेलं. वापरलेला माल! पोरीने पाहिलं तर रडेल, असं मला वाटलं. शिवाय आमच्या धंद्यात नवीन बेअरिंगलासुद्धा कंपनीने चोपडलेलं पुसूनच आपलं ग्रीस भरतात. मी खिशातून रुमाल काढला आणि लोणी येईपर्यंत तो फॅन लख्ख केला. जरा बरं वाटलं. त्या दुकानदाराला मनातल्या मनात चार शब्दही ऐकवले.

संध्याकाळी सायलीने सतरंजीवर सगळं मांडलं. प्रोसेसर बसला, रॅम खाचेत टक्कन बसली. मग तिने फॅन उचलला, उलटा केला, आणि तशीच थांबली.

"आबा, इथली पेस्ट कुठे गेली?"

मी रुमाल दाखवला.

तिने फॅन सतरंजीवर ठेवून दिला. प्रोसेसरची गरमी फॅनकडे त्या पेस्टमधूनच जाते, ती नसेल तर कॉम्प्युटर तापून आपोआप बंद पडतो, हे तिने नंतर सांगितलं. ऑनलाइन मागवली तर मंगळवारी येणार होती. गावातल्या मोबाइलवाल्याकडची संपली होती.

"जाऊ दे आबा," ती म्हणाली. "मी उद्या संध्याकाळी मैत्रिणीकडे जाते. सोमवारी तिथूनच करीन. आठवड्याचाच प्रश्न आहे."

आठवड्याचा नव्हता, हे तिलाही माहीत होतं. तिने बॅग खाली काढली. आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "लोकं गाडीत झोपत्यात. तुम्हाला तेवढं पण जमंना व्हय?"

रविवारी उजाडताच मी कोणाला न सांगता पहिली बस धरली. जिथून घेतलं तिथेच जायचं, हा दुसरा नियम. रविवारी रस्ता मोकळा असतो. जायचं तर या दिवशी जा. फक्त एक अडचण आहे, दुकान बंद असतं. मी शटरसमोर उभा राहिलो. वरच्या गॅलरीत मालक बनियनवर चहा पीत होते.

"आजोबा, पाटी वाचता येते ना?"

"सातवीपर्यंत शिकलोय," मी म्हटलं. "येते."

"मग काय लिहिलंय?"

"रविवारी बंद."

"बरोबर वाचलंत." आणि ते चहा पीत राहिले.

मला पेस्टचं नाव धड येत नव्हतं. फॅन घरी होता. मी खिशातून रुमाल काढला, डाग वर दिसेल असा धरला आणि ओरडलो, "नमुना आणलाय!"

ते वाकून बघायला लागले. मग कप कठड्यावर ठेवून खाली आले. रुमाल हातात घेतला, डागावर बोट फिरवलं.

"वापरलेला माल दिला असं वाटलं ना?"

मी मान हलवली. खोटं काय बोलणार?

"लोक प्रोसेसरच्या पिना वाकवून आणतात, रॅम उलटी ठोकून आणतात," ते म्हणाले. "पेस्ट रुमालात बांधून आणणारे तुम्ही पहिले." आणि ते हसले. काल एवढी खरेदी झाली तेव्हा हसले नव्हते. शटर अर्धं उचलून आत गेले आणि एक छोटी नळी घेऊन आले.

"वाटाण्याएवढी लावायची. मधोमध. मोटर नाही ती, थापायला. आणि जोर लावण्याआधी—"

"खाच बघायची," मी म्हटलं.

"शिकलात की." मी पाकीट काढलं तर म्हणाले, "दुकान बंद आहे. बंद दुकानात विक्री होत नाही."

दुपारी घरी पोचलो तेव्हा सायलीची बॅग दाराशी होती. मी नळी तिच्या हातात ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या धुळीने भरलेल्या चपलांकडे पाहिलं आणि सतरंजी पुन्हा पसरली. "आबा, तुम्ही लावा," ती म्हणाली. मी नळीचं टोपण काढलं. तिने माझं मनगट धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून वाटाणा ठेवला. बटण दाबल्यावर फॅन फिरला, इतका हळू की मी कान लावून खात्री केली. अर्धा तास मी पेटीवर हात ठेवून बसलो होतो. तापली नाही.

आठवडा संपला, काम पसंत पडलं. सायली घरीच आहे. कधीतरी ती त्या खोलीत जाईलही, खोलीला खरंच काही खोट नाही. तोवर हे सगळं मी याच कॉम्प्युटरवर, तिचं काम नसतं त्या वेळात, एकेक अक्षर शोधून लिहिलं आहे.

तुम्ही जाल तेव्हा माझ्यासारखे खोके बसमध्ये उघडू नका. खिडकीबाहेर बघा, मांजरी गावाच्या पुढे अजून शेतं आहेत.

काल सायलीची आजी तो रुमाल घेऊन आली. "दोनदा साबणात घातला, डाग निघत न्हाई. टाकू का?"

"ठेव," मी म्हटलं. "नमुना हाय."